चार महिने घरात

दिवाळी तोंडावर आली की घरोघर एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय, यंदा सुटीत कुठे?" त्यावर "कुठे नाही, घरीच आहोत" असे उत्तर दिले की विचारणारा क्षणभर थांबतो आणि मग जरा हळू आवाजात म्हणतो, "सगळं ठीक आहे ना?" जणू सुटी घरी काढणे हे एक दुखणे आहे, किंवा हात आखडल्याची कबुली तरी. घरी बसून मजेत वेळ गेला, असे सांगणाऱ्यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही.

खरे पाहता ही समजूत फार जुनी नाही. 'सुटी' हीच मुळी अलीकडची वस्तू. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस हक्काची रजा मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या चळवळीनंतर, 1890 च्या जून महिन्यात. भोंग्याने बांधलेला दिवस आणि भोंग्यातून सुटलेला दिवस असे दोन तुकडे पडले, तेव्हा 'सुटीचे काय करायचे' हा प्रश्न जन्माला आला. शेतकऱ्याच्या घरी रविवार नव्हता. तिथे रिकामा वेळ पावसाबरोबर येई आणि पावसाबरोबर जाई. तो कधी येणार, किती येणार, हे मालक ठरवत नसे, आकाश ठरवत असे.

या आकाशाच्या सुटीचा इतिहास पाहायचा तर राधानगरीसारखे ठिकाण नाही. कोल्हापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर नैऋत्येला गेले की भोगावती नदीच्या खोऱ्यात हे गाव लागते. पुढे दाजीपूरचे जंगल, त्यापुढे फोंडा घाट आणि घाट उतरला की कोकण. आज इथे लोक मुद्दाम सुटी घालवायला येतात. पावसाआधी काजवे पाहायला येतात, गवे पाहायला येतात, आणि धरण भरले की त्याचे दरवाजे उघडताना पाहायला तर मोटारींची रांग लागते. दाजीपूरचे अभयारण्य 1958 सालचे. पुढे 1985 मध्ये त्याची हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झाले, आणि 2012 साली पश्चिम घाटातील जागतिक वारशाच्या स्थळांत त्याचा समावेश झाला. म्हणजे घर सोडून जिथे जावे असे हे ठिकाण. मौज अशी की ज्या पावसाळ्यात आज इथे पाहुण्यांची गर्दी होते, त्याच पावसाळ्यात इथला माणूस पिढ्यान् पिढ्या घराबाहेर पडू शकत नव्हता.

कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. राधानगरीच्या पश्चिमेला, घाटाच्या कडेला, तो याच्या कैक पटीने कोसळतो. डांबरी रस्ते आणि पक्के पूल होण्यापूर्वी ओढ्याला पाणी आले की वाडी तुटे. शेजारच्या गावचा मनुष्यही आठ-आठ दिवस दिसत नसे. तेव्हा 'चातुर्मास' हा शब्द इथे केवळ व्रतवैकल्याचा नव्हता. चार महिने म्हणजे खरोखरच चार महिने.

त्या चार महिन्यांची तयारी उन्हाळ्यातच सुरू होई. छप्पर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून पानांचे नि गवताचे आडोसे बांधायचे. शेणी वाळवून रचायच्या, जळण तोडून आत घ्यायचे, जनावरांसाठी पिंजर साठवायचे. नाचणी, तांदूळ, हुलगे, तिखट, मीठ, सांडगे यांची बेगमी करायची. 'बेगमी' या शब्दाला आपण हल्ली फार कमी वेळा हात लावतो. दुकान कोपऱ्यावर आले आणि शब्द घरातून गेला. परंतु घरी समाधानाने बसता यावे यासाठी आधी किती बाहेर राबावे लागते, हे या एका शब्दात साठवलेले आहे. ज्याची बेगमी झाली नाही त्याचा श्रावण कोरड्या जागी बसूनही ओलाच जाई.

पाऊस सुरू झाला म्हणून लगेच मोकळीक मिळे, असेही नाही. आषाढात रोपलावण. पाठीवर इरले किंवा डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेऊन दिवसभर चिखलात वाकायचे. लावण आटोपली, बेंदूर झाला, बैलांच्या शिंगांना रंग लागला की मग कुठे जरा श्वास घ्यायला सापडे. श्रावणात पाऊस झिमझिम लागून राही, शेतात फारसे करण्यासारखे नसे, आणि माणसे सोप्यात जमत.

सोप्यातला हा रिकामा वेळ कसा जाई? पहिली गोष्ट म्हणजे तो अगदी रिकामा कधीच नसे. कुणी दोर वळतो आहे, कुणी इरल्याची मोडलेली कांबट बदलतो आहे, कुणी काठीला तेल लावतो आहे. हात गुंतलेले आणि कान मोकळे. त्या मोकळ्या कानांसाठी पोथी लावली जाई. श्रीधर कवीचा 'हरिविजय' 1702 चा, 'पांडवप्रताप' 1712 चा आणि 'शिवलीलामृत' 1718 चे. पंढरपूरजवळच्या नाझऱ्याच्या या कवीने महाराष्ट्राला पुढची दोन शतके पुरेल इतकी श्रावणाची बेगमी करून ठेवली, असे म्हटले तर चूक होणार नाही. गावात वाचता येणारा एखादाच. तो वाची, बाकीचे ऐकत. कथा सर्वांना पाठ असे. पुढे काय होणार हे माहीत असूनही माणसे रोज येऊन बसत, कारण ती नवीन काही कळावे म्हणून येत नसत, सोबतीला येत.

पोथी मिटली की खेळ. जमिनीवर कोळशाने रेघा ओढून वाघ-बकरी मांडायची, नाहीतर सोंगट्यांचा पट उलगडायचा. घाटाखाली सावंतवाडीला गंजिफाचे गोल, लाखेचे, रंगीत पत्ते तयार होत. दशावतारी गंजिफाचा जोड 120 पानांचा असतो, दर अवताराची बारा पाने. तो थाट दरबारी नि श्रीमंत घरांतला. साध्या घरी चिंचोके पुरत. मुली सागरगोटे खेळत, काचापाणी खेळत. यातल्या कुठल्याही खेळाला घराबाहेर पाऊल टाकावे लागत नसे, आणि एकट्याने खेळता येईल असा तर एकही नव्हता.

इथपर्यंतचे चित्र मोठे गोड आहे. दिवाळी अंकात शोभावे असे आहे. पण इतिहास लिहिणाराने इथेच थांबणे बरे नव्हे. सोप्यातून उठून एकदा चुलीकडे डोकावले पाहिजे. पोथी ऐकणाऱ्यांना मधूनमधून चहा लागे, संध्याकाळी भाकरी लागे, आणि ओले जळण फुंकून फुंकून ती भाकरी भाजणाऱ्या बाईचा रिकामा वेळ श्रावणात तरी कुठे होता? पावसाळ्यात तिचे काम वाढे. कपडे वाळत नाहीत, जळण पेटत नाही, पोरे दिवसभर घरात, गोठ्यातले शेण-मूत रोजचेच. आणि पहाटे उठून दळण.

या दळणानेच तिची बाजू जपून ठेवली आहे. जात्यावरच्या ओव्या हा महाराष्ट्राच्या बायकांनी तोंडी ठेवलेला दफ्तरखाना आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी 1980 च्या दशकापासून पुढे सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्या वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ओवी म्हटली जाते घरात, जात्यापाशी, अंधारात. पण तिचे मन घरात क्वचितच असते. ते माहेरच्या वाटेवर असते, भाऊ न्यायला येतो आहे का ते पाहत असते, पंढरीच्या रस्त्याला लागलेले असते. देह खुंट्याशी बांधलेला आणि मन फिरतीवर. घरी बसण्यात सुख आहे, असे सोप्यातला पुरुष म्हणत होता, तेव्हा पलीकडच्या खोलीत कुणीतरी रोज पहाटे बाहेर जाण्याचे गाणे म्हणत होते.

म्हणूनच श्रावणात बायकांचे सण आले की त्यांची धाव अंगणाकडे. नागपंचमीचा झाडाला बांधलेला झोका, झिम्मा, फुगडी, आणि पुढे भाद्रपदात गौरीच्या रात्रीची जागरणे. पुरुषाला विश्रांती म्हणजे घर, बाईला विश्रांती म्हणजे घराबाहेरचे चार हात अंगण. एकाच छपराखाली सुटीचे हे दोन अर्थ नांदत होते, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता.

राधानगरी या नावातच ही गोष्ट दडलेली आहे. गाव वसवले ते राजर्षी शाहू छत्रपतींनी. 1896-97 च्या दुष्काळाचे दिवस त्यांनी राज्यकारभार हाती घेतल्यावर दोन-तीन वर्षांतच पाहिले होते. पाऊस एवढा पडतो आणि वाहून जातो, ते पाणी अडवले पाहिजे, या विचाराने त्यांनी 1907 च्या सुमारास भोगावतीवरच्या धरणाची योजना हाती घेतली. संस्थानच्या ताकदीबाहेरचे हे काम अडत-रखडत चालले आणि 6 मे 1922 रोजी महाराज गेले तेव्हाही ते पुरे झालेले नव्हते. जलाशयाला नाव मिळाले महाराणी लक्ष्मीबाईंचे, आणि गावाला कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचे. पाण्याला पत्नीचे नाव, वस्तीला लेकीचे.

महाराज स्वतः मोकळ्या हवेतले गृहस्थ. शिकार, कुस्ती, घोडे, हत्ती यांत रमणारे. त्यांची विश्रांतीची जागाही इथलीच. जलाशयाच्या पाण्याने वेढलेल्या टेकाडावरचा बेनझीर व्हिला आणि गावातला हत्तीमहल त्यांच्याच वेळचे. राजवाड्यातल्या गर्दीपासून दूर, पाणी आणि रान यांच्या मध्ये एक घर असावे, असे त्यांना वाटले. घरी बसणे म्हणजे चार भिंतींत कोंडून घेणे नव्हे, खिडकीतून रान दिसले पाहिजे, असा त्याचा अर्थ आपण घ्यायला हरकत नाही.

आणि ज्यांचे नाव गावाला लाभले त्या अक्कासाहेब? 1908 साली त्यांचा विवाह देवास थोरली पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. पाटी मोठी, घराणे मोठे, पण संसार सुखाचा झाला नाही. काही वर्षांतच त्या देवास सोडून कोल्हापूरला परतल्या. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921 साली देवासच्या महाराजांच्या पदरी होता. त्याच्या 'द हिल ऑफ देवी' या 1953 च्या पुस्तकात देवासच्या त्या दिवसांची हकीकत आली आहे. अक्कासाहेबांचे चिरंजीव विक्रमसिंह पुढे 1947 साली शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्याच गादीवर आले. राजकन्येलाही सासरचे घर आपले वाटेलच असे नाही, आणि माहेरचे दार उघडे असणे हे केवढे भाग्य असते, ते तिच्या आयुष्यावरून कळते. जात्यावरची बाई ज्या वाटेचे गाणे म्हणत होती, ती वाट या लेकीला प्रत्यक्ष चालता आली. बहुतेकींना ती नव्हती.

बापाच्या मनात लेकीचे दुःख आणि कायदा यांचा काही संबंध होता, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण 1919 साली करवीर संस्थानात स्त्रियांना घरात होणाऱ्या छळापासून संरक्षण देणारा कायदा झाला, हे खरे आहे. घर ही सुखाची जागा असते, हे सगळेच राजे गृहीत धरून चालत. इथे एका राजाने घर हे काही जणींना जाचाची जागाही असते, हे मान्य करून दफ्तरात लिहून ठेवले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

त्याआधी दोन वर्षे, 1917 मध्ये, त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. शाळा म्हणजे मुलांना घराबाहेर काढणारी संस्था, पण तिचा खरा परिणाम घरात दिसला. ज्या सोप्यात पोथी वाचणारा बाहेरून बोलवावा लागे, तिथे घरचाच पोरगा अक्षर लावू लागला. आजीने मागितले ते वाचून दाखवू लागला. कोल्हापुरात नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे आजचे करवीर नगर वाचन मंदिर, 1850 पासून होती. पण पुस्तक वाचनालयाच्या कपाटातून निघून खेड्यातल्या घरात शिरायला मध्ये शाळा यावी लागली. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो 1909 सालचा, म्हणजे भोगावतीवर धरणाची तयारी चालू होती त्याच दिवसांतला. फराळाचे ताट आणि छापील अंक एकत्र घरात यावेत, सणाच्या सुटीत घरच्या घरी सर्वांनी वाचावे, ही आज शतकाहून जुनी झालेली मराठी रीत तिथून सुरू झाली. हा अंक आपण आज हातात धरला आहे, तोही घरी बसण्याच्या त्याच परंपरेतला.

पुढे घरात आवाज आले. आकाशवाणीचे सांगली केंद्र 1963 मध्ये सुरू झाले आणि या बाजूच्या घरांना आपल्या बोलीतले बोलणे भिंतीवरच्या फळीवरून ऐकू येऊ लागले. पिठाची चक्की आली, जाते कोपऱ्यात गेले. बाईचा एक पहाटेचा प्रहर मोकळा झाला आणि ओवी मुकी झाली. हा सौदा वाईट झाला असे म्हणण्यापूर्वी ते जाते आपण स्वतः तासभर ओढून पाहावे. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. श्रावणातली पोथी पुन्हा लागली होती. फक्त आता ती पाहताना हातात दोर नव्हता, आणि हळूहळू शेजारीही नाहीसा झाला.

मग 2020 साल आले. 25 मार्चपासून सारा देश घरात बसला. मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी आपापल्या वाड्यांवर परतली. घरी राहण्याची इतकी मोठी परीक्षा यापूर्वी कधी झाली नव्हती. कुणी सांगे, घरच्यांची नव्याने ओळख झाली. कुणी सांगे, भिंती खायला उठल्या. एकाच घरातली दोन माणसे ही दोन उत्तरे देत. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी 299 मिनिटांचा वेळ त्यात जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा 97 मिनिटांचा. सोपा आणि चूल यांच्यामधली भिंत आकड्यांत मोजली तर ती एवढी निघते.

युरोपातही घरबशेपणाचे स्तोत्र गाणारा एक गृहस्थ होऊन गेला. झाविए द मेस्त्र हा तरुण लष्करी अधिकारी. द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल 1790 साली तुरीन शहरात त्याला 42 दिवस स्वतःच्या खोलीत राहण्याची शिक्षा झाली. त्याने त्या खोलीचेच प्रवासवर्णन लिहिले. पलंगापासून मेजापर्यंतचा प्रवास, भिंतीवरच्या चित्रांचा प्रवास. पुस्तक गाजले. वाचताना आपण हसतो, आणि मग लक्षात येते की या प्रवाशाच्या दिमतीला एक नोकर होता. सकाळी कॉफी आणून देणारा तो होता. शिवाय त्रेचाळिसाव्या दिवशी दार उघडणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. घरी बसण्याचे सुख वर्णन करणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत. कॉफी कोण करते? आणि दार कुणाच्या हातात आहे?

या दोन प्रश्नांची उत्तरे बरी असतील, तर घरासारखी सुटी नाही. राधानगरीच्या श्रावणाने शिकवावे ते हेच. बेगमी सर्वांनी मिळून केलेली असावी. हातांना काहीतरी काम असावे, पण ते एकाच्याच हातांना नसावे. ऐकायला एक गोष्ट असावी आणि ती ऐकायला चूल सोडून येण्याइतकी फुरसत सर्वांना असावी. शेजारी येऊन बसावा. आणि ज्याला बाहेर जायचे आहे त्याला, किंवा तिला, जाऊ द्यावे. कारण ज्याला जाता येते तोच आनंदाने राहतो. इतके जमले तर "घरीच आहोत" या उत्तरात लाजण्यासारखे काही नाही.

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते कुणी उघडत नाही, कुणी मिटत नाही. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या भारानेच एकेक दरवाजा आपोआप वर होतो, आणि पाणी उतरले की आपोआप मिटतो. ते पाहायला पावसात छत्र्या घेऊन लोक उभे राहतात. त्याच वेळी गावातल्या एखाद्या सोप्यात चुलीवरचा चहा खाली उतरत असेल. यंदा तो कुणी केला आहे, एवढे पाहावे, आणि मग घोंगडे पसरून खुशाल बसावे.